वीस टक्के कुठून येणार?

बोईसर स्टेशनातून बाहेर पडून नवापूर रोडला लागलात की मोबाइलची कव्हरे आणि गाडीत टांगायच्या सुगंधी बाटल्या यांच्या मधोमध हल्ली एक छोटी डबी दिसते. स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ती खुपसायची, दिवा लुकलुकला की पेट्रोल वीस टक्के वाचणार, असे तिच्या खोक्यावर छापलेले असते. शेजारी सिगारेट लायटरमध्ये लावायचा प्लग असतो, इंधनाच्या नळीवर बांधायची लोहचुंबकांची जोडी असते, टाकीत टाकायच्या गोळ्या असतात. ऑनलाइन शोधले तर याहून कितीतरी प्रकार सापडतात. किंमत दोन-तीनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. माझे म्हणणे सरळ आहे. या वस्तूंनी वीस टक्के काय, दहा टक्केही पेट्रोल वाचत नाही. आणि ते वाचते की नाही हे सिद्ध करायची जबाबदारी गाडीवाल्याची नाही, विकणाऱ्याची आहे.

मी हे ठामपणे म्हणतो, कारण इंधनाचा हिशेब ठेवण्यातच माझी सारी नोकरी गेली. बॉयलर अटेंडंटची परीक्षा देऊन तारापूर एमआयडीसीत लागलो आणि बॉयलर हाऊसमधूनच निवृत्त झालो. रोज सकाळी पहिले काम म्हणजे फर्नेस ऑइलच्या टाकीत डिप मारायची. रात्रपाळीत किती लिटर तेल गेले, वाफ किती झाली, एक किलो तेलावर किती किलो वाफ पडली, हे सगळे लॉगबुकात लिहायचे. चांगल्या चालणाऱ्या तेलाच्या बॉयलरला हा आकडा तेराच्या आसपास येतो. तो साडेबारावर आला की प्रॉडक्शनच्या माणसाआधी अकाउंटचा माणूस येऊन उभा राहायचा. इंधन हा कारखान्याच्या खर्चातला मोठा आकडा, त्यामुळे त्याच्याशी कुणी खेळ करत नसे.

तिथे बचत कशी होते ते मी जवळून पाहिले आहे. बॉयलरला जाणारे पाणी सहा अंश अधिक गरम करून दिले की इंधन साधारण एक टक्का वाचते. चिमणीतून जाणाऱ्या धुराचे तापमान बावीस अंशांनी उतरवले की आणखी एक टक्का. हे या धंद्यातले जुने ठोकताळे आहेत, ऊर्जा लेखापरीक्षणाच्या अभ्यासात ते शिकवले जातात. आता हा एक टक्का मिळवायला काय करावे लागते ते बघा. वापरलेल्या वाफेचे गरम पाणी प्लँटमधून परत आणायला नवी पाइपलाइन टाकावी लागते. गळके ट्रॅप शोधून बदलावे लागतात. उघड्या पाइपांवर लोकर गुंडाळून पत्रा ठोकावा लागतो. शटडाउन घेऊन नळ्यांमधली काजळी ब्रशने काढावी लागते, आणि ते काम करणाऱ्या पोरांचे डोळे तेवढे पांढरे दिसतात. बर्नरला हवा किती द्यायची ते धुरातला प्राणवायू मोजून ठरवावे लागते. हे सगळे वर्षभर नेटाने केले तर चार-पाच टक्के हाताला लागतात, आणि तेवढ्यावर व्यवस्थापन खूश असते. कारखान्यातली बचत अशी घामाने येत असताना दोनशे रुपयांची डबी वीस टक्के आणते, असे कुणी सांगितले तर माझा पहिला प्रश्न असतो : कुठून?

चुंबकवाले आमच्या कारखान्यातही आले होते. बर्नरला जाणाऱ्या तेलाच्या लाइनवर चुंबक बसवले की तेलाचे रेणू सुटे होतात, ज्वलन पूर्ण होते, तेल बारा टक्के वाचते, असे त्यांचे सांगणे. माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले, मागे कसल्या कसल्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स. आमचे त्या वेळचे प्लँट साहेब शांत माणूस. त्यांनी अट घातली. चुंबक तुमच्या खर्चाने बसवा. वाफेचा मीटर आमचा, तेलाचा मीटर आमचा, लॉगबुक दोघांच्या सहीचे. महिनाभर चालवू. जेवढे तेल वाचेल त्याच्या निम्मे पैसे दरमहा तुम्हाला देऊ. विकणाऱ्यासाठी याहून चांगला सौदा नव्हता, कारण आमचा तेलाचा खप मोठा होता. दावा खरा असता तर चुंबकाच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम त्याला मिळाली असती. तो माणूस ‘ऑफिसला विचारून सांगतो’ म्हणून गेला आणि पुन्हा आला नाही. पेट्रोल-डिझेलमधले हायड्रोकार्बन चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत, ही शाळेच्या पुस्तकातली गोष्ट आहे. पण साहेबांनी पुस्तक काढले नाही, मीटर दाखवला, आणि तेवढे पुरले.

आता गाडीकडे वळू. या सगळ्या वस्तू विकणाऱ्यांचा मूळ दावा एकच असतो. तुमच्या इंजिनात बरेचसे पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जाते, आमची वस्तू ते जाळते, म्हणून अ‍ॅव्हरेज वाढतो. हा दावा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. तुमच्या गाडीच्या कप्प्यात पीयूसीची पावती पडलेली असेल, ती काढा. बीएस-४ पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. अर्धवट जळालेले आणि न जळालेले इंधन या दोन रूपांतच बाहेर येते. मर्यादेच्या अगदी काठावर असलेल्या गाडीचा हिशेब मांडला, तरी न जळता वाया गेलेली ऊर्जा दोन टक्क्यांच्या आसपास भरते. तुमच्या पावतीवरचे आकडे बहुधा मर्यादेच्या बरेच खाली असतील, म्हणजे वाया जाणारे त्याहून कमी. जगातले सर्वात उत्तम यंत्र आणून तेवढे सगळे जाळले, तरी फायदा एक-दोन टक्क्यांचाच. वीस टक्के न जळलेले पेट्रोल बाहेर टाकणारी गाडी पीयूसीत पास होणार नाही, आणि तिच्या मागे उभे राहणाऱ्याला वासानेच ते कळेल.

इथे विक्रेते एक खरी गोष्ट खोट्या जागी वापरतात. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाव हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो, हे खरे आहे. बाकीची पाऊण ऊर्जा वाया जाते, हेही खरे. पण ती न जळल्यामुळे वाया जात नाही. पेट्रोल जवळजवळ पूर्ण जळते, त्याची उष्णता होते, आणि त्या उष्णतेतला मोठा भाग रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून जातो. उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही इंजिनाची ही निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. ती थोडी-थोडी मागे ढकलण्यासाठी जगातल्या मोटार कंपन्यांनी शंभर वर्षे पिस्टन, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेशनवर डोके खपवले आहे. ‘पाऊण पेट्रोल वाया जाते’ हे वाक्य ऐकवून लगेच ‘म्हणून ही डबी लावा’ म्हणणे, ही फसवणुकीची जुनी रीत आहे.

शिवाय आजच्या गाडीत हवा-पेट्रोलचे प्रमाण सांभाळायला माणूस बसवलेलाच आहे. मी बॉयलरवर धुरातला प्राणवायू पाळीत काही वेळा मोजायचो. गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर तेच काम एका सेकंदात अनेकदा करतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, कळवतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात. त्यापासून प्रमाण ढळले की ईसीयू इंजेक्टर कमी-जास्त उघडते. तुम्ही बाहेरून हवा वाढवणारी पंख्यासारखी चकती लावा, नळीत हायड्रोजन सोडा, काहीही करा. ईसीयू ते ओळखते आणि प्रमाण पूर्ववत करते. सेन्सरलाच फसवले तर इंजिन चुकीच्या मिश्रणावर चालते, गरम होते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. त्याचे बिल कुठल्याही डबीच्या किमतीपेक्षा मोठे असते.

लुकलुकणाऱ्या डबीबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण ती सर्वाधिक खपते. ज्या सॉकेटमध्ये ती बसते तो ओबीडी पोर्ट मेकॅनिकने गाडीचे दोष वाचण्यासाठी दिलेला असतो. अशा डब्या अनेकांनी उघडून पाहिल्या आहेत. आत दिवे चालू-बंद करणारी एक स्वस्त चिप मिळाली, आणि गाडीचा डेटा वाहणाऱ्या पिनांपर्यंत तिची तारच गेलेली नव्हती. जी वस्तू ईसीयूशी बोलतच नाही, ती त्याला सुधारणार कशी? तरीही खोक्यावर लिहिलेले असते की पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर डबी तुमची गाडी चालवण्याची पद्धत शिकते, तोवर धीर धरा. हे वाक्य फार विचार करून लिहिलेले आहे. तेवढ्यात माल परत करायची मुदत संपते. पाण्यापासून हायड्रोजन करून इंजिनात सोडणाऱ्या किटचीही गत तीच. पाणी फोडायला वीज लागते, वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर इंजिन फिरवते आणि इंजिन पेट्रोल पिते. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळतेच. बाटलीभर हायड्रोजन-प्राणवायूचे मिश्रण बॉनेटखाली बाळगण्याचा धोका वर. रासायनिक कारखान्यांतले स्फोट ज्या गावांनी पाहिले आहेत, त्यांना तो धोका मी वेगळा समजावून सांगायला नको.

हे तपासायला कुणी बसलेच नाही, असे नाही. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत अशा वस्तूंचे पेव फुटले होते. तेव्हा तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेवर, ईपीएवर, कायद्यानेच त्यांच्या तपासणीचे काम सोपवले गेले. संस्थेने शंभराहून अधिक वस्तूंची छाननी केली. बहुतेकांनी काहीच फरक पडला नाही, मोजक्या काहींनी अगदी किरकोळ फरक पडला, आणि काहींनी इंजिनाचे नुकसान होऊ शकते किंवा धूर वाढू शकतो असे आढळले. त्यात चुंबक होते, हवेत भोवरे निर्माण करणाऱ्या चकत्या होत्या, इंधनात घालायची द्रव्ये होती. म्हणजे आज नवापूर रोडवर मिळते त्यातले बरेचसे तेव्हाच निकालात निघाले होते.

आपल्या देशातले सर्वात मोठे प्रकरण तमिळनाडूतले. १९९६ साली रामर पिल्लै नावाच्या माणसाने झाडपाला आणि पाणी उकळून पेट्रोल बनवतो असा दावा केला. मद्रासच्या आयआयटीत त्याचे प्रात्यक्षिक झाले, देशभर बातम्या छापून आल्या, मोठमोठी माणसे भारावली. पुढे त्याने हे ‘वनौषधी इंधन’ विकायलाही सुरुवात केली. सीबीआयने तपास केला तेव्हा ते टोल्युईन, नॅप्था वगैरे पेट्रोलियम पदार्थांचे मिश्रण निघाले. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. दाव्यापासून निकालापर्यंत वीस वर्षे. टोल्युईन तारापूरला टँकरने येते, त्याचा वास इथल्या कुठल्याही कामगाराला डोळे मिटून ओळखता येईल. पहिल्याच दिवशी तो द्रव कुणा केमिस्टच्या नाकाखाली धरून नीट चाचणी केली असती, तर वीस वर्षे लागली नसती.

तरीही आमच्या सोसायटीतला एक तरुण मला सांगतो, ‘काका, मला फरक पडला.’ तो ईको व्हॅन चालवतो. एमआयडीसीतल्या कामगारांना सकाळी पाळीला सोडतो, संध्याकाळी आणतो, मधल्या वेळात चिंचणी-बोईसर भाडी मारतो. हप्ता, इन्शुरन्स, टायर आणि पेट्रोल गेले की उरते ते घरचे. डबी लावल्यावर अ‍ॅव्हरेज दीड किलोमीटरने वाढला असे तो शपथेवर सांगतो, आणि तो खोटे बोलत नाही. मी त्याच्याशी बसून सगळे नीट विचारले. डबी लावली त्याच आठवड्यात त्याने सर्व्हिसिंग केले होते, एअर फिल्टर बदलला होता. पावसाळा संपून रस्ता सुकला होता, खड्डे बुजवायला सुरुवात झाली होती. नवीन वस्तू लावली म्हणून तो स्वतः अ‍ॅक्सिलरेटर जपून दाबत होता, कारण फरक बघायचा होता. आणि त्याचे मोजमाप म्हणजे टाकी फुल करायची, पुन्हा फुल करायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचे.

या मोजमापात चूक किती शिरते, ते बॉयलरवाल्याला विचारा. पंपावर नोझल कधी लवकर कट होते, कधी उशिरा. गाडी थोडी उतारावर उभी असली तरी टाकीत कमी-जास्त बसते. पंपावरचा मुलगा ‘गोल फिगर करू का’ म्हणून आणखी थोडे ओततो. तीस लिटर भरताना एक लिटर इकडेतिकडे झाले, तर तिथेच तीन टक्क्यांहून अधिक फरक पडला. त्यात एक फेरी सात माणसांची आणि दुसरी तिघांची, एकदा एसी चालू आणि एकदा बंद, एका दिवशी चिल्हार रोडला कॉइलच्या ट्रेलरमागे अर्धा तास अडकलेले. यातून दीड किलोमीटरचा फरक कुठल्याही बाजूला सहज निघतो. आकडा वाढला की श्रेय डबीला जाते. घटला की ट्रॅफिकला दोष.

खरोखर तपासायचे असेल तर तसेही करता येते, आणि मी त्या तरुणाला ते सांगितले. डबी एका जाड कागदाच्या खोळीत घाल, म्हणजे दिवा दिसणार नाही. तशीच दिसणारी आणखी एक रिकामी डबी दुसऱ्या खोळीत घाल. दर सोमवारी बायकोने चिठ्ठी टाकून त्यातली एक लावायची आणि कुठली लावली ते स्वतःच्या वहीत लिहायचे, तुला सांगायचे नाही. तू एकाच पंपावर, एकाच नोझलने, पहिल्या कटपर्यंतच पेट्रोल भर आणि आकडे तुझ्या वहीत लिही. तीन-चार महिने असे चालू दे. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवा. औषधांची तपासणी याच पद्धतीने होते.  पंपावरच्या मापाबद्दल शंका असेल तर शिक्का मारलेले पाच लिटरचे माप मागून पेट्रोल मोजून घ्यायचा हक्क आपल्याला आहे, तोही जरूर वापरा.

या वस्तू आत्ताच इतक्या का खपू लागल्या, त्याचे कारण मला दिसते ते सांगितले पाहिजे. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेले. त्यानंतर पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढत गेले आणि २०२५ मध्ये देशाने वीस टक्के मिश्रण गाठले. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रण वाढले की लिटरमागे किलोमीटर थोडे घटणारच. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालानेच हे मान्य केले आहे : साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींत सहा ते सात टक्के घट, आणि दहा टक्क्यांसाठी घडवून वीसला जुळवलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के. इथेनॉलने तेलाची आयात कमी होते, ऊस आणि मका पिकवणाऱ्याला पैसा मिळतो, या धोरणाला माझा विरोध नाही. पण जुन्या गाडीवाल्याला ही घट पंपावर ठळक अक्षरांत सांगायला हवी होती. आपला अ‍ॅव्हरेज का उतरला हे त्याला कुणी सांगितले नाही, म्हणून तो उत्तर शोधत फिरतो, आणि ते उत्तर दोनशे रुपयांच्या डबीत आहे असे सांगणारा त्याला रस्त्यावर भेटतो.

मग वाचते कशाने? चाकातली हवा. चारही चाकांत दहा पाउंड हवा कमी असेल तर साधारण दोन टक्के पेट्रोल जास्त जाते, टायर झिजतात ते वेगळेच. आपल्याकडे पंक्चरवाला हवा अंदाजाने भरतो आणि आपण ‘बत्तीस टाक’ म्हणून मोकळे होतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने लिहिलेला आकडा क्वचितच कुणी वाचतो. वेग हे दुसरे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून महामार्गावर मनोर ते वसई शंभरने गेलात तर ऐंशीच्या तुलनेत तो अडथळा दीडपटीहून अधिक होतो. केंद्र सरकारची पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग इंधनाला सर्वात किफायतशीर असल्याचे सांगत आली आहे. उभ्या गाडीचे इंजिन सुरू ठेवणे हे तिसरे. लहान मोटारीचे इंजिन तासभर नुसते चालले तर अर्धा लिटर पेट्रोल जाते, एसी असेल तर अधिक. पाळी सुटताना कंपनीच्या गेटबाहेर गाड्यांची रांग इंजिन सुरू ठेवून उभी असते, ते पाहून मला वाईट वाटते.

आणि एक गोष्ट वाघोबा खिंडीची. मनोरहून पालघरकडे येताना खिंडीच्या उतारावर अनेक चालक गाडी न्यूट्रलला टाकतात, काही तर इंजिनच बंद करतात, पेट्रोल वाचते म्हणून. इंजेक्शनच्या गाडीत याचा उलटा परिणाम होतो. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ईसीयू इंजेक्टर बंद करते, उतारावर चाकेच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल जवळजवळ शून्य लागते. न्यूट्रल केले की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागते. इंजिन बंद केले तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम काही दाबांतच संपतो, पॉवर स्टीअरिंग जड होते, आणि समोरून वळणावर ट्रक आला तर सावरायला काही उरत नाही. उतारावरची बचत कंपनीने गाडीत आधीच घालून दिली आहे, तिच्यासाठी कुणाला एक पैसा द्यायचा नाही. फक्त गिअर काढायचा नाही. ज्यांच्या घरी गाडी चालवून पोट भरणारे कुणी आहे, त्यांनी हे वाक्य त्याला आज रात्री सांगावे.

असाच एक खोका विजेसाठीही विकला जातो. प्लगमध्ये लावा, बिल तीस टक्के उतरेल. कारखान्यात कपॅसिटरचे पॅनल बसवल्यावर बिल खरोखर उतरते, कारण महावितरण उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच मोजून बिल देते आणि पॉवर फॅक्टर सुधारला की ते कमी होते. घराचे मीटर केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली वीज, मोजते. तिथे त्या खोक्यातल्या चिमुकल्या कपॅसिटरला वाचवण्यासारखे काही नसते. कारखान्यातली खरी गोष्ट उचलायची आणि जिथे ती लागू नाही तिथे, ज्याला फरक कळणार नाही त्याला विकायची, ही रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

माझा राग आहे तो इथे. कारखान्याला फसवणे अवघड, कारण त्याच्याकडे मीटर, लॉगबुक आणि पगारी माणूस असतो. म्हणून हा माल कारखान्याच्या गेटवरून परत फिरतो आणि गेटबाहेर उभ्या असलेल्या ईकोवाल्याला, रिक्षावाल्याला, हप्त्यावर स्कूटर घेतलेल्या कंत्राटी कामगाराला विकला जातो. दोनशे रुपये कुणाला किरकोळ वाटतील. ज्याची दिवसाची सगळी भाडी मारून पेट्रोलनंतर चार-पाचशे उरतात, त्याची ती अर्ध्या दिवसाची कमाई असते.

कायदा मात्र त्याच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पुरेशा आणि योग्य चाचणीवर न आधारलेली कामगिरीची हमी लोकांना देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. चाचणी झाली आहे असा बचाव विक्रेत्याने घेतला, तर ती सिद्ध करायचा भारही त्याच्यावरच टाकला आहे. म्हणजे आमच्या प्लँट साहेबांनी चुंबकवाल्याला घातलेली अट देशाच्या कायद्यातही लिहिलेली आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. गाड्यांच्या इंधन-खपाची शास्त्रशुद्ध चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. ‘वीस टक्के बचत’ छापणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याकडून कुठल्या गाडीवर, कुठल्या प्रयोगशाळेत, आधी किती आणि नंतर किती, याचा अहवाल प्राधिकरणाने मागावा. नसेल तर माल दुकानातून आणि ऑनलाइन बाजारातून उतरवावा. पालघर जिल्हा होऊन दहा वर्षे उलटली. जिल्हा प्रशासनानेही नाक्यानाक्यावरच्या या विक्रीकडे एकदा बघावे.

तोवर तुम्ही एवढे करा. कुणी अशी वस्तू हातात ठेवली तर पक्के बिल मागा आणि त्यावर ‘वीस टक्के बचत न झाल्यास पूर्ण पैसे परत’ असे लिहून सही घ्या. सही मिळाली नाही तर वस्तू घेऊ नका. आधीच घेऊन फसला असाल तर बिल आणि खोके जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. तिथे तक्रार मराठीतही नोंदवून घेतात.